एक्केचाळिसावं पान

रविवार, २५ ऑक्टोबर २०२०. दसरा. गॉलवे, आयर्लंड

डायरी लिहायची ही माझी पहिलीच वेळ. अडतीस वर्षं लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानात गादीवर बसलो. तिथे बोलून बोलूनच घसा सुकायचा, लिहिणार कधी? पण आज सूनबाईंनी, पूर्णिमानं, ही डायरी हातात ठेवली. मुलाच्या, अभिजितच्या, कंपनीची, २०२० सालची, पार कोरी. म्हणाली, "बाबा, मी दिवसभर मीटिंगमध्ये असते, तुम्हाला बोलायला कुणी नसतं. यात बोला." म्हणजे तोंड बंद ठेवा, असं गोड शब्दांत सांगितलं. ठीक आहे. समजलो.

जानेवारीत आलो तो तीन महिन्यांसाठी. आमच्या हिला, सुलेखाला, जाऊन तेव्हा महिना झाला होता. अभिजित म्हणाला, पुण्यात एकटे राहू नका. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि मी इथे अडकलो ते अडकलोच. सुरू झाली की पहिल्या विमानानं जाणार. इथे माझा काही उपयोग नाही. भांडी मशीन घासतं, कपडे मशीन वाळवतं.

आज पूर्णिमाचा नवा पांढरा शर्ट पार्सलनं आला. तिनं घडी मोडायच्या आधी मी खालच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं. नवं कापड तसंच कोरडं अंगाला लावायचं नाही, साधी गोष्ट आहे. दुकानात लग्नाचा बस्ता निघाला की शालूच्या कोपऱ्याला बोट मीच लावायचो, मालक दुसऱ्या कुणाला लावू द्यायचे नाहीत. घरी ते काम सुलेखाचं. तिचा करंडा मी येताना बरोबर आणला. तिथे उगाच पडून राहिला असता.

स्वानंदी ओरडली, "आजोबा, दॅट्स अ स्टेन!" आठ वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. म्हटलं, डाग नव्हे गं बाई, बोट आहे ते.

शुक्रवार, ३० ऑक्टोबर

पूर्णिमानं तो शर्ट साबणानं धुतला! हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे पोरीला कुणी शिकवलंच नाही. मी जरा चढ्या आवाजातच बोललो. "हळदीला साबण नाही चालत. ऊन दाखवायचं. दोन दिवसांत आपोआप उडते." ती म्हणाली, "बाबा, गॉलवेत ऊन?" खरंच की. इथलं ऊन म्हणजे सुलेखाचा थोरला भाऊ, येतो येतो म्हणतं आणि येत नाही. शर्ट मागच्या खिडकीत टांगला आहे.

बुधवार, ११ नोव्हेंबर

प्रॉमवर फिरायला गेलो. इथले लोक समुद्राकाठानं टोकापर्यंत चालतात, तिथल्या भिंतीला लाथ मारतात आणि परत फिरतात. न मारली तर फिरणं झालंच नाही म्हणे. मी हात लावून येतो. भिंतीनं माझं काय वाकडं केलंय?

येताना शेजारच्या नोरीनबाई कुंपणाशी भेटल्या. साठीच्या आहेत, एकट्याच असतात. मागच्या शेडमध्ये त्यांचा हातमाग आहे, आईच्या वेळचा. त्यावर लोकरीची ब्लँकेटं विणतात. मी त्यांना घोंगड्या म्हणतो, पण वीण अशी आहे की आमच्या मालकांनी उठून नमस्कार केला असता. सकाळी मागाचा आवाज सुरू झाला की मी चहा टाकतो.

आज आवाज नव्हता, म्हणून विचारलं. म्हणाल्या, टूरिस्ट नाहीत, माल घेणारी दोन्ही दुकानं बंद. नवीन वर्षात माग विकून टाकणार. शेजारच्या क्लेअर जिल्ह्यातला कुणी माणूस बघायला येणार आहे. "इट्स ग्रँड, रवी," म्हणाल्या. इथे घर जळत असलं तरी ग्रँडच म्हणतात. मागे वळल्या तेव्हा बाहीनं डोळे पुसले.

माग विकायचा म्हणजे काय? मला दिवसभर काही गोड लागलं नाही.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

बातमी! जपानात ओकायामा नावाचं शहर आहे, तिथे तामाकिया म्हणून जुनं आठ मजली दुकान. त्यांच्या एक बाई दोन वर्षांपूर्वी गॉलवेत आल्या होत्या, नोरीनबाईंचं एक ब्लँकेट घेऊन गेल्या होत्या. आता मार्चमध्ये त्यांच्याकडे आयर्लंडच्या वस्तूंचा मेळा आहे आणि त्यांना चोवीस ब्लँकेटं हवी आहेत. पसंत पडली तर दर वर्षी. दर वर्षी! म्हणजे माग विकायला नको.

नमुना महिन्यापूर्वीच गेला होता, आशा नव्हती म्हणून बाई बोलल्या नव्हत्या. तो विणकामात पास झाला आणि बांधणीत नापास. पास कसा होईल? बाईंनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून वर खाकी चिकटपट्टी मारली होती. दुकानानं उलट चाळीस पानी नियम पाठवले आहेत, चित्रांसकट. नोरीनबाई म्हणाल्या, "मी विणणारी बाई. या कागदाच्या घड्या मला या जन्मात जमायच्या नाहीत. क्लेअरचा माणूस येऊ दे." तर त्यांचे ईमेल बघायला गेलेली पूर्णिमा म्हणाली, "थांबा, आमच्या बाबांना दाखवते." अगदी सहज सुचलं असावं तिला.

मी चाळीस पानं एका बैठकीत वाचली. चहाचं गार पाणी झालं. काय लिहिलंय! घडीची बंद बाजू गिऱ्हाइकाकडे, उघडी आपल्याकडे. (हे मी नव्या पोरांना ओरडून ओरडून सांगायचो.) आत पातळ कागद, त्याची चुणी दिसता कामा नये. वरचा कागद तिरका धरून गुंडाळायचा आणि चिकटपट्टीचा एकच तुकडा. आम्ही तर तीही वापरत नव्हतो, घडी नीट असली की आपली आपण धरून राहते. पान सतरा: मालावर डाग, केस, सुटा धागा, कसलीही खूण नको. बरोबरच आहे, दुकान आहे की धर्मशाळा?

शेवटी दुकानाची माहिती होती. पावणेतीनशे वर्षांपूर्वी सुरू झालं तेव्हा किमोनोच्या कापडाचं दुकान होतं. गादीवर बसून माल दाखवायचे! फोटो आहे. पुढ्यात ठाण उलगडलेलं, समोर गिऱ्हाईक मांडी घालून. भांडी, लाकडाच्या वस्तू, सुया, पंखे, हे सगळं मागाहून आलं. म्हणजे आपलेच भाऊबंद की! खाली तपासणी विभागाच्या प्रमुख ओकुदाबाईंची सही आहे, एकतीस वर्षं नोकरी. मी अडतीस. मी सीनियर.

गुरुवार, ३ डिसेंबर

आमच्या जेवणाच्या टेबलावर सराव. पूर्णिमा बिचारी लॅपटॉप घेऊन जिन्यात बसते. स्वानंदी फोनवर वेळ लावते. पहिला नग सहा मिनिटं, आजचा शेवटचा पन्नास सेकंद. अभिजित म्हणाला, "बाबा, तुम्ही शिट्टी वाजवत होता." काहीतरीच. मी कशाला शिट्टी वाजवू?

क्लेअरचा माणूस आला होता. फूटपट्टीनं मागाची मापं घेऊन गेला. नोरीनबाईंनी त्याला मार्चअखेरपर्यंत थांबायला सांगितलं आहे.

सोमवार, ४ जानेवारी २०२१

पुन्हा सगळं बंद. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही. अभिजितच्या कंपनीनं यंदा डायऱ्याच छापल्या नाहीत. पण गेल्या वर्षीची जानेवारी ते ऑक्टोबर पानं कोरीच आहेत, ती टाकायची कशाला? वार खोडून लिहितो आहे. पूर्णिमा हसली. पुण्याच्या माणसाला हसू नये.

एकमेकांच्या घरात जायचं नाही, म्हणून नोरीनबाई कुंपणावरून एकेक ब्लँकेट देतात आणि मी हात पसरून घेतो. न रंगवलेली पांढरट लोकर, एका कडेला समुद्रासारखा करडा-निळा पट्टा. अठरा झाली, सहा राहिली. माग पहाटेपासून चालू असतो.

गुरुवार, १४ जानेवारी. संक्रांत

आज माल निघाला! चोवीस नग, चोवीस खोकी. तीन दिवस लागले. पातळ कागदाला एक चुणी नाही. प्रत्येक नग दिव्याखाली धरून बघितला, चार केस आणि एक गवताची काडी निघाली. पान सतरा पाळलं.

कागद बंद करण्याआधी चोवीसही नगांच्या उजव्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं. सुलेखाच्या करंड्यातलं. एवढा मोठा बस्ता, सातासमुद्रापार चाललेला, आणि कोरडाच पाठवायचा? हात अजून बसलेला आहे, कडेपासून दोन बोटं आत, प्रत्येकाला तिथेच. करंड्यात आता तळाशी थोडं उरलं आहे. सुलेखानं ते नरसोबाच्या वाडीहून आणलेलं. दर दोन वर्षांनी एवढ्याशा पुडीसाठी एसटीनं वाडीला जायची. बाजारातल्या रासायनिक कुंकवानं कपाळाला खाज सुटते म्हणे. मी प्रत्येक वेळी तिला त्यावरून टोकायचो. जाऊ दे.

गाडी माल घेऊन गेली. नोरीनबाई रस्त्यात उभ्या राहून हात हलवत होत्या. कुंपणावरून तिळगूळ दिला.

रविवार, ३१ जानेवारी

नोरीनबाईंचा विसरभोळेपणा वाढतो आहे. संध्याकाळी बघतो तर त्यांचं एक निळं फडकं झुडपावर बांधलेलं आणि पावसाला सुरुवात. सोडून घेतलं, घरात वाळवलं, इस्त्री केली, चार घड्या घालून त्यांच्या दारात ठेवलं. त्यांनी दार उघडलं, फडक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "यू आर व्हेरी गुड, रवी." मी म्हटलं, त्यात काय, शेजारधर्म.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

जपानहून ईमेल आला. चोवीसच्या चोवीस नग बाजूला काढून ठेवले आहेत. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात पिवळा आणि तांबडा डाग. सोबत फोटो. असे मेळ्यात मांडता येणार नाहीत, कारण कळवावं.

पूर्णिमानं ईमेल कुंपणाशी उभं राहून वाचून दाखवला. मी तिथेच होतो. फोटोत माझी बोटं होती. चोवीस.

नोरीनबाई पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, "मागाचं लोखंड गंजलंय. माझीच चूक. जुना झालाय तो, मला कळायला हवं होतं." आणि शेडमध्ये गेल्या. मी काही बोललो नाही.

अरे गाढवा, डाग नाही तर काय आहे तो? आठ वर्षांच्या पोरीला कळलं होतं.

बुधवार, १० फेब्रुवारी

नाही सांगितलं. नोरीनबाई दिवसभर माग घासत होत्या. खिळा न खिळा काढला आहे.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

आजही नाही. कुंपणाशी दोनदा गेलो. त्यांनी वर बघून काय म्हणून विचारलं, मी हवेबद्दल बोललो आणि परत आलो. मला माणूस म्हणायचं का? अडतीस वर्षांत एक साडी डागी निघाली तर मालकांसमोर उभं राहून सांगितलं, माझ्या हातून झालं. आणि इथे एक बाई माझ्यामुळे आपल्या आईच्या मागाला दोष देते आहे. जेवलो नाही. पोट बिघडलं म्हणून सांगितलं.

शनिवार, १३ फेब्रुवारी

पूर्णिमानं सकाळी समोर खुर्ची ओढली. "बाबा, पोट बिघडलेलं नाही. काय झालंय?" सांगितलं. मला वाटलं हसेल, नाहीतर कपाळाला हात मारेल. तिनं विचारलं, "आईंच्या करंड्यातलं होतं ना?" मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध? ती उठली, माझा कोट घेऊन आली. "चला. मी येते बरोबर."

पाऊस होता. कुंपणाशी उभं राहून मी माझ्या इंग्रजीत सांगितलं. मागाचा दोष नाही, लोकरीचा नाही, तुमचा नाही. माझं बोट आहे. नोरीनबाईंना आधी कळलंच नाही. पूर्णिमा मध्ये पडायला लागली, तिला म्हटलं, नको, मला बोलू दे. कळल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या ब्लँकेटांना तू रंग लावलास? चोवीसांनाही?" आणि आत जाऊन दार लावलं.

बरोबर आहे. मीही लावलं असतं.

सोमवार, १५ फेब्रुवारी

दोन दिवस त्यांच्याकडे दिवा दिसत होता, माणूस नाही. आज सकाळी कुंपणावर टकटक. नोरीनबाई. डोळे सुजलेले.

"रवी, ते लावतात कशाला?"

मी म्हटलं, "जिथे जाईल तिथे बरं चालावं म्हणून. वापरणाऱ्याला सुखाचं व्हावं म्हणून. दुसरं काही नाही."

त्यांनी खिशातून ते निळं फडकं काढलं, मी इस्त्री केलेलं. म्हणाल्या, "सेंट ब्रिजिडच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही कापड बाहेर बांधतो. रात्री ती येते आणि हात लावून जाते. वर्षभर त्या कापडाचा आधार. यंदा मी ते ब्लँकेटांसाठी बांधलं होतं." मी खाली बघितलं. देवीनं हात लावायच्या आधीच मी त्याच्यावर इस्त्री फिरवली होती! "सांगितलं का नाहीत?" म्हटलं. "तू किती काळजीनं घडी घातली होतीस," त्या म्हणाल्या, आणि त्यांना एकदम हसू फुटलं. मलाही. दोन म्हातारी माणसं पावसात कुंपणाच्या दोन बाजूंना उभी राहून खुळ्यासारखी हसतोय. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. वारा फार होता.

मग त्याच बोलल्या, "आता हे निघतं कसं ते सांग. मेळ्याला महिना आहे."

पत्र मीच लिहिलं, हातानं. पूर्णिमानं फोटो काढून पाठवलं. आधी कबुली: दोष बांधणाऱ्याचा, विणणारीचा नाही, तिला शिक्षा नको. बोट कशासाठी लावतात तेही लिहिलं. मग उपाय: साबण नाही, ब्लीच नाही, कोपरा नुसता उन्हात धरायचा. कुंकू हळदीपासून केलेलं असलं तर तेही उडतं, हळदीनंतर दोन-चार दिवसांनी. रासायनिक असलं तर लोकरीतून जन्मात निघत नाही.

माझं कुंकू कुठलं आहे ते मी लिहिलं, हळदीचं. लिहिताना हात थांबला होता. पण सुलेखा पुडीसाठी आठ तास एसटीत बसायची ती काय उगाच?

गुरुवार, १८ फेब्रुवारी

ओकुदाबाईंचं उत्तर. त्यांनी चोवीसही डाग मोजले होते म्हणे. कडेपासूनचं अंतर सगळीकडे सारखं, फरक जास्तीत जास्त दोन मिलिमीटर. "डाग इतका शिस्तीत पडत नाही. कुणीतरी मन लावून केलं आहे असं वाटलं, म्हणून परत पाठवण्याआधी विचारलं." वा! मोजणाऱ्या बाई आहेत.

आणि लिहितात, ओकायामात पाऊस सगळ्यात कमी, शहराला ते उन्हाचा मुलूख म्हणतात. दुकानाच्या गच्चीवर एक छोटं देऊळ आहे, त्याच्यासमोर मोकळी जागा. उद्यापासून ब्लँकेटं तिथे.

नोरीनबाईंना सांगितलं. क्लेअरच्या माणसाचा फोन येऊन गेला म्हणाल्या.

शनिवार, २० फेब्रुवारी

"पिवळा गेला. तांबडा आहे तसाच." एवढंच.

मी फोनवर ओकायामाची हवा बघत बसतो. स्वानंदी शाळेचा ऑनलाइन वर्ग सोडून माझ्या शेजारी येऊन बसते. "सनी, आजोबा. स्टिल सनी."

सोमवार, २२ फेब्रुवारी

काही नाही. प्रॉमवर गेलो. आज मारली भिंतीला लाथ. मग वाईट वाटलं, हात लावून नमस्कार केला.

सुलेखा, मी तुला त्या पुडीवरून दर वेळी बोलायचो. किती वेळा बोललो असेन. तुझं कुंकू खरं निघू दे गं. आणि तू इथे असतीस तर मला आधीच म्हणाली असतीस, अहो, लोकांच्या मालाला विचारून हात लावावा. मला कुणी सांगणारं राहिलं नाही. हे कुणाला बोलून दाखवलेलं नाही, डायरीतच लिहितो आहे. चौदा महिने झाले.

बुधवार, २४ फेब्रुवारी

गेलं!

तांबडा काल दुपारपर्यंत गुलाबी होता, आज भिंगातूनही दिसत नाही. ओकुदाबाईंनी फोटो पाठवला आहे. आठ मजल्यांवरची गच्ची, ते इवलं लाल देऊळ, बांबूंच्या काठ्यांवर ओळीनं आपली ब्लँकेटं, सगळ्यांचे उजवे कोपरे उन्हाकडे. दुकानाच्या गणवेशातल्या दोन मुली कोपरे धरून उभ्या आहेत. आणि वर आकाश, काय निळं!

मी फोटो घेऊन कुंपणाशी पळत गेलो. सदुसष्टाव्या वर्षी. नोरीनबाईंनी तो बघितला, आणि कोविड-बिविड विसरून कुंपणावरून माझे दोन्ही हात धरले. पूर्णिमा खिडकीतून बघत होती. तिच्या मागे तो पांढरा शर्ट टांगलेला. त्याचा डाग कधीच गेलाय, पण ती तो काढत नाही. विसरली असावी.

फोटोत मी ब्लँकेटं मोजली. तेवीसच आहेत. विचारायला हवं.

गुरुवार, १८ मार्च

काल सेंट पॅट्रिक, इथला मोठा सण. इथे मिरवणूक नाही, तिकडे मेळ्याचा पहिला दिवस. तेवीसही ब्लँकेटं दुपारपर्यंत संपली. चोविसावं ओकुदाबाईंनी उन्हात घातलंच नव्हतं. लिहितात, त्यांच्या मुलीला जानेवारीत मुलगी झाली, ते डागासकट त्यांनी स्वतः घेतलं आहे. "वापरणाऱ्याला सुखाचं व्हावं म्हणून असं तुम्ही लिहिलं होतं. मग ते पुसायचं कशाला?"

मी हे तीनदा वाचलं.

नोरीनबाईंनी क्लेअरच्या माणसाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्यांचा माग सकाळी सुरू झाला, मी चहा टाकला.

शुक्रवार, १४ मे. अक्षय्य तृतीया

पुण्याच्या बातम्या बघवत नाहीत. गल्लीतली दोन माणसं गेली. अभिजित म्हणतो, आता तिकिटाचं नाव काढू नका. मी तरी कुठे काढतोय? दिवाळीपर्यंत तर मला वेळच नाही. जपानची पुढची ऑर्डर आली आहे, चाळीस नग. सोबत नियमांची नवी प्रत.

पानं मोजली. एक्केचाळीस.

शेवटचं पान नवीन आहे. वर मथळा: "बांधणाऱ्याची खूण." खाली चित्र, खोक्याच्या झाकणाची आतली बाजू, उजव्या कोपऱ्यात दोन ठिपके, पिवळा आणि तांबडा. कडेपासूनचं अंतर लिहिलं आहे, माझ्याच बोटाचं, मिलिमीटरमध्ये. "मालावर नाही. झाकणाला आतून, प्रत्येक खोक्यावर एक. चुकवू नये." खाली ओकुदाबाईंचा शिक्का.

अडतीस वर्षांत मला कुणी लेखी दिलं नव्हतं, हे चुकवू नये म्हणून.

आज हवा बरी होती. नोरीनबाईंनी शेडची दोन्ही दारं उघडी ठेवली आणि मला पहिल्यांदा आत बोलावलं. मागावर नवा ताणा चढवलेला, चाळीस नगांचा पहिला. म्हणाल्या, "रवी, मागाला लावशील? विचारून घेते आहे बघ." मी करंडा घेऊनच गेलो होतो. तळ खरवडला, बरोबर एका बोटापुरतं निघालं. सुलेखाचं तेवढंच उरलं होतं. पूर्णिमानं तिच्या आईला वाडीच्या कुंकवाचं सांगून ठेवलं आहे, टपाल सुरू झालं की येईल. हळदीचंच हवं, बाजारातलं नको, असं मी बजावलं. पूर्णिमा म्हणाली, "बाबा, तुम्ही अगदी आईंसारखं बोललात."

मागाच्या उजव्या खांबाला, कडेपासून दोन बोटं आत लावलं. त्या शेडला एकच खिडकी आहे आणि ती उत्तरेला. तिथे ऊन येत नाही. राहील.